विहिणीचा पाचवा लाडू

कौसाकाकी कुणाशी गोड बोलायला लागली की लासुर्ण्यातली माणसं काळजीत पडत. एकदा आमच्या शाळेच्या शिपायाला तिनं वाटेत थांबवून "बरं हायसा न्हवं?" एवढंच विचारलं, तर तो गडी दिवसभर आपलं काय चुकलं याचा विचार करत बसला. काकीचा हिशेब सरळ होता आणि तो ती येता-जाता सगळ्यांना ऐकवायची. "गोड बोलतंय ते परकं. टोचून बोलतंय ते आपलं."

मी तिची आपली झाले ती बदली होऊन गावात आले त्याच दिवशी. टेम्पोतून सामान उतरवत होते. शेजारच्या ओट्यावर एक ठेंगणी, गोलसर बाई गहू निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात सूप. माझी एकेक वस्तू तिनं नजरेखालून घातली आणि म्हणाली, "दोन पिशव्या, एक कॉट आन् बाकी नुसती पुस्तकांची खोकी. बाई, पुस्तकं शिजवून खाता काय?"

मी तशी लवकर फुरंगटणारी बाई आहे. उत्तर न देता आत गेले आणि असल्या शेजारात आपला निभाव कसा लागणार, असं मनाशी म्हणत राहिले. दिवे लागले तेव्हा तीच बाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन दारात उभी. "पुस्तकं शिजायला वेळ लागतोय म्हणं. तवर हे खावा." पुढं कितीतरी वर्षं तिच्या पिठल्यावर माझी मास्तरकी चालली.

काकी बोलण्याआधी पदर कमरेला खोचायची आणि खाली जमिनीकडं बघायची. हे झालं की समोरच्यानं सावध व्हावं, असा गावचा रिवाज होता. दूध संकलन केंद्रावरचा गडी तर तिची पावलं वाजली तरी सरळ होऊन बसे. एकदा त्यानं काकीच्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागल्याचं सांगितलं. काकीनं पदर खोचला. "कमी आसंल बाबा. माझी म्हस तुझ्या लग्नाला आली हुती, तवा तुझं जेवण बघून तिनं पण उपास धरला." रांगेतली सगळी माणसं हसली आणि तो गडी त्यांच्याहून जोरात हसला. काकीच्या बोलण्याचा वरचा भाग तिखट असे, पण लागायचा नाही कुणाला. ज्याला टोचलं तो दुसऱ्या दिवशी तिच्याच ओट्यावर चहाला दिसायचा.

सगळ्यांत जास्त वाट्याला आलं ते तिच्या नवऱ्याच्या, आबांच्या. आबा उसाला पाणी देऊन येत, हातपाय धूत, आणि काकीचं जे काही चाललेलं असेल त्याला "व्हय" म्हणत. मी एकदा विचारलं, आबा, तुम्ही कधीच कसं उलट बोलत नाही? ते म्हणाले, "न्हाय म्हणून आजपतूर कुणाचं भलं झालंय?" आतून काकी ओरडली, "व्हय म्हणून तरी कुठं झालंय?" आबा म्हणाले, "व्हय."

पण काकीचं खरं राज्य लग्नाच्या पंगतीत. आमच्याकडं विहिणींची पंगत बसली की मुलीकडच्या बायका गाण्यांतून विहिणीची टर उडवतात. तिचं लुगडं, तिचा तोरा, तिचं जेवण, काही सोडत नाहीत. मग विहिणीकडच्या एखादीनं उठायचं आणि तितक्याच टोचऱ्या गाण्यानं फेड करायची. दोन्हीकडून अशी देवाणघेवाण झाली, हसून हसून पोटं दुखली, की सोयरीक पक्की झाली असं जुन्या बायका मानतात. आता डीजेच्या दणक्यात हे कोण करतंय? पण लासुर्ण्याच्या लग्नात डीजे बंद करून काकीला उभं करत. निमगावपासून वालचंदनगरपर्यंत तिला बोलावणी असायची. गाणी पाठ केलेली नसत. समोरची विहीण बघून ती तिथल्या तिथं जुळवायची.

अशी ही काकी स्वतःच्या लेकीच्या लग्नात गप्प बसेल, असं कुणाला वाटलंही नव्हतं.

रेखाचं लग्न पणदऱ्याला ठरलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. विहीण सुमनबाई उंच, चापूनचोपून नेसलेल्या, तोलूनमापून बोलणाऱ्या. बारामतीच्या कार्यालयात विहिणींची पंगत बसली. मी बुंदीचे लाडू वाढत होते, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. काकीनं पदर खोचला, जमिनीकडं पाहिलं आणि सुरू झाली:

"पणदऱ्याची विहीण बाई आली मोठ्या तोऱ्यानं,
पाच लाडू खाल्लं तरी म्हणती, पोट भरलं वाऱ्यानं."

मांडव हसला. काकी कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभी राहिली. पणदऱ्याच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि एकही उठली नाही. हसणं हळूहळू विरलं. सुमनबाईंनी हातातला लाडू पानात ठेवला, पाण्यानं हात धुतला आणि त्या पंगतीतून उठून गेल्या.

नंतर निरोप आला. "ज्या तोंडानं माझं लाडू मोजलं, ते तोंड माझ्या उंबऱ्यात नको."

रेखाला सासरी कसला त्रास नव्हता, हे मी आवर्जून सांगते. सुमनबाई तिला लेकीसारखंच वागवायच्या. दिवाळीला, पंचमीला ती माहेरी यायची, जावई वाकून नमस्कार करायचा. पण काकीनं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. रेखा आली की काकी तिला जवळ बसवून विचारायची, "तुझ्या स्वैपाकघरात उजेड येतो का गं? मोरी कुठल्या अंगाला हाय?" रेखा बोटानं जमिनीवर घराचा नकाशा काढून दाखवायची. काकी तो नकाशा बराच वेळ बघत बसायची आणि मग झाडू घ्यायची. मला ते बघवत नसे.

त्या लग्नानंतर काकीनं गाणं सोडलं. बोलावणं आलं की "घसा बसलाय" म्हणायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती गोड बोलायला लागली. दूध केंद्रावर जाऊन म्हणाली, "दादा, बघा बरं का जरा." त्या गड्यानं भीतीनं तीन वेळा फॅट तपासलं. आबा एकदा माझ्याकडं येऊन म्हणाले, "बाई, तिनं मला काल 'आवो, दमला आसाल' म्हटलं. काय तरी करा."

करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात मी भूतानला निघाले होते. बारामतीची वैशाली नावाची एक बाई दरवर्षी मोजक्या बायकांना घेऊन कुठंतरी जाते. फक्त बायका. तिथं गाईडसुद्धा बाईच. हॉटेलांपेक्षा लोकांच्या घरात राहायचं, त्यांच्या चुलीवरचं खायचं, देवळं बघायची, असा तिचा बेत असतो. रेखाच्या कानावर गेलं तशी ती हटूनच बसली. "बाई, आईला न्याच." आबांना विचारलं तर ते अर्थातच व्हय म्हणाले.

निघायच्या सकाळी बारामतीला वैशालीच्या दारात छोटी बस उभी होती. आम्ही चढलो आणि पहिल्याच खिडकीत सुमनबाई. बारामतीच्या उन्हात अंगात स्वेटर, मांडीवर नवी कोरी पर्स. खाली रेखा आणि वैशाली जास्वंदीच्या झाडाकडं निरखून बघत उभ्या. त्या दोघी एका वर्गातल्या, हे मला तिथं कळलं. एका सासूला इकडून आणि एका आईला तिकडून, दोघींना न सांगता त्यांनी बसमध्ये आणून बसवलं होतं.

काकी दोन्ही हात जोडून म्हणाली, "नमस्कार विहीणबाई. बऱ्या हायसा न्हवं?"

मी खाली रेखाकडं पाहिलं, ती अजून जास्वंदच निरखत होती.

वैशालीनं आणखी एक शहाणपणा केला होता. पहाटे उठणाऱ्या म्हणून या दोघींना एकाच खोलीत टाकलं होतं, आणि शेजारची खोली माझी. पारोला पोचल्यापासून माझं काम एकच. "बाई, त्यांना विचारा, त्यांची अंघोळ झाली का." मी विचारायचं. दोघी एकाच पलंगाच्या दोन कडांवर बसलेल्या, मध्ये मी. "बाई, त्यांना सांगा, पाणी गरम हाय." काकी सांगायची ते साखरेत घोळवून सांगायची, सुमनबाई ऐकून मान हलवायच्या. दोन दिवसांत माझं डोकं भणभणून गेलं. बुद्धाच्या शांत मूर्तीपुढं बसले तरी कानात आपलं 'त्यांना सांगा' चालूच.

एरवी मात्र काकी खुशीत होती. तिथं घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. ते बघून तिनं लगेच निकाल दिला, "मिरच्या वाळवत्यात म्हंजी माणसं चांगली हायत." त्याच मिरच्या चीजमध्ये शिजवलेल्या ताटात आल्या तेव्हा तिनं आपली शेंगदाण्याची चटणी काढून सगळ्यांना वाटली आणि वर ती भाजीही पुसून खाल्ली. डोंगरकड्यांवर रंगीत पताका फडफडत होत्या. आमची गाईड देकी म्हणाली, त्यांच्यावर मंत्र छापलेले असतात आणि वारा ते म्हणतो. मी मराठीतून सांगितलं. काकी थबकली. "म्हंजी जप वाऱ्यानं करायचा आन् बाई मोकळी? आपल्याकडं का न्हाय केली ही सोय?" मला बरं वाटलं. जुनी काकी अजून आत कुठंतरी शिल्लक होती.

पारोजवळच्या एका खेड्यात आम्ही ज्यांच्या घरी उतरलो, त्या घरधनिणीला सगळे आमा म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या नवऱ्याला आपा. घरात आमाची लेक, लेकीचं पोर आणि जावई. जावईच सगळ्यांना मिठाचा चहा ओतून देत होता. देकीनं सांगितलं की या भागात घर बहुतेक लेकीला जातं आणि लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. आपासुद्धा असेच या घरात आलेले.

काकीनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. "म्हंजी आईनं हाक मारली की लेक ओ देती? ह्याच घरात?"

हो म्हटलं. काकीनं सुमनबाईंकडं पाहिलं. तिचा हात पदराकडं गेला, पदर कमरेला खोचलासुद्धा. मग तिनं तो हळूच पुन्हा सोडला आणि म्हणाली, "चांगली रीत हाय." कपबशी घेऊन विसळायला निघून गेली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले. सुमनबाई त्या सोडलेल्या पदराकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी गावात तिरंदाजीचा सामना होता. आपा खेळणार म्हणून आमानं आम्हा सगळ्यांना डब्यासकट मैदानावर नेलं. मैदान लांबलचक. दोन्ही टोकांना एकेक लाकडी फळी, एवढी लहान की इकडून मला ती दिसेचना. पुरुष गुडघ्यापर्यंतचा त्यांचा पोशाख घालून उभे. कडेला दोन्ही बाजूंच्या बायका जमल्या होत्या आणि त्या हात पुढं करकरून काहीतरी गात होत्या. काकीनं मला ढोसलं. देकी म्हणाली, या आपल्या माणसांना जोर देतात आणि समोरच्या तिरंदाजाची टर उडवतात. त्याचं पोट, त्याचं टक्कल, बायकोपुढं त्याचं काही चालत नाही ते, सगळं काढतात.

"आन् राग न्हाय येत?" काकीनं विचारलं.

"येतो ना," देकी हसली. "राग आला की नेम चुकतो. म्हणून तर गातात. आणि त्याच्या बाजूच्या बायका त्याच्यासाठी उलट गातात. ज्याच्या बाजूनं कुणीच गात नाही त्याचे हाल."

हे मी मराठीत सांगत होते तेव्हा पलीकडं बसलेल्या सुमनबाई एकदम ताठ झाल्या.

काकीचे पाय जागच्या जागी नाचायला लागले होते. शेवटी तिला राहवेना. पदर खोचला गेला, नजर जमिनीकडं गेली. आयुष्यभर पंगती बघितलेली बाई. तिनं धरलं की या टोकाला उभे ते आपले आणि समोरच्या टोकाचे ते विहिणीकडचे. दोन्ही संघांची माणसं दोन्ही टोकांना मिसळून उभी राहतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. समोरच्या टोकाला एकानं धनुष्य उचललं, आणि उसाच्या फडात बांधावरून हाका मारून कमावलेला तो आवाज डोंगरापर्यंत गेला:

"समोरचा गं बाप्या बघा, झगा गुडघ्यावरी,
फळी सोडून बाण ह्याचा जाईल सासूघरी."

त्या माणसाला शब्द काय कळणार, पण रोख कळला. तो दचकला आणि त्याचा बाण फळी सोडून भाताच्या खाचरात गेला. विरोधी बाजूच्या बायका आनंदानं धावत आल्या आणि काकीचे हात धरून नाचायला लागल्या. देकीनं कपाळाला हात लावला. "काकी, ते आपले आपा होते."

आमा काकीकडं बघत होती. हसावं की रागवावं, तिला ठरवता येत नव्हतं. काकीचा चेहरा क्षणात कार्यालयातल्या त्या दिवशीसारखा झाला. तिनं त्या बायकांचे हात सोडवले, पदर सोडला आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. "माझं तोंडच वंगाळ बघा, बाई. हितं येऊन पण खाल्लं त्या माणसाचं मीठ आन् त्यालाच..."

समोरच्या बायकांना चेव चढला होता. त्या आपांकडं बोटं दाखवून गात होत्या. इकडं आमाच्या बाजूला सगळं चिडीचूप. प्रत्येकाला दोन बाण असतात. आपांनी दुसरा लावला.

तेवढ्यात सुमनबाई उठल्या.

त्या गाणार आहेत हे मला आधी कळलंच नाही. त्यांना थंडी वाजते आहे असं वाटलं, कारण त्या थरथरत होत्या. त्यांनी स्वेटर सारखा केला, पदर काढून कमरेला खोचला, तोही उलट्या बाजूला, आणि काकीकडं बोट करून, सुराबिराची पर्वा न करता म्हणाल्या:

"लासुर्ण्याची विहीण माझी, तोंडाचा तिचा पट्टा,
समोर दिसला माणूस की लगीच करती थट्टा."

आमच्या सगळ्या बायकांनी एकच हलकल्लोळ केला. आमाला एक अक्षर कळलं नाही, पण आपल्या नवऱ्याच्या बाजूनं कुणीतरी उठलं एवढं तिला कळलं. तीही लेकीला घेऊन उठली आणि गायला लागली. आपांचा दुसरा बाण फळीच्या अगदी कडेला जाऊन रुतला. त्यांच्यात बाण लागला की सगळे फेर धरून नाचतात. आमानं एका हातानं काकीला आणि एका हातानं सुमनबाईंना ओढलं.

काकी नाचता नाचता रडत होती. फेर थांबल्यावर पहिल्यांदा ती मला मध्ये न घेता बोलली. "यमक जुळलं. चाल मातुर चुकली."

"पयलीच येळ हाय," सुमनबाई म्हणाल्या. मग धाप लागलेली होती तरी बोलत राहिल्या. "लग्नात मला तुमच्या गाण्याचा राग न्हवता आला, विहीणबाई. माझ्या जावा, नणंदा, भावजया, सगळ्या बसलेल्या. माझ्या बाजूनं एक उठली न्हाय. मला वाटलं, एवढ्या माणसांत माझं कोणच न्हाय. ते कुणाला सांगायचं? म्हणून तुमच्यावर काढलं."

काकीनं त्यांचा हात धरला. "मी उभीच हुते की वो तितं. तुमी एक शब्द बोलला आसता तर मीच तुमच्या बाजूनं गायले आसते."

"आन् लाडू चार हुतं," सुमनबाई म्हणाल्या. "पाच न्हवतं."

"पाच."

"पाचवा पानात ठिवला."

"त्याला दात लागलं हुतं."

मी तिथून उठले. आता माझी गरज उरली नव्हती. त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून नुसतं हसणं ऐकू येत होतं. काकी सांगत होती, "हितली रीत आपल्याकडं आसती तर तुमचा ल्योक माझ्या गोठ्यात शेण काढत आसता." आणि सुमनबाई म्हणत होत्या, "काढलं आसतं का त्यानं? त्याला म्हस कुठल्या बाजूनं दूध देती ते ठावं न्हाय."

मी आता बारामतीत राहते. काकी भेटते, फोन करते, माझ्या फ्लॅटला खुराडं म्हणते. पण तिची आठवण आली की डोळ्यांपुढं उभं राहतं ते परतीच्या दिवशीचं बारामतीचं स्टँड. वैशालीच्या बसनं आम्हाला तिथं सोडलं. मला आणि काकीला इंदापूरची गाडी धरायची होती, सुमनबाईंना नीरेकडची. त्यांची आधी लागली. त्या चढून खिडकीशी बसल्या. काकी खाली उभी राहिली आणि निरोपाच्या घटकेला काय झालं कोण जाणे, हात जोडून म्हणाली, "नीट जावा हं, विहीणबाई. काय चुकलं आसंल तर पोटात घाला."

सुमनबाईंच्या कपाळावर आठी चढली. "आता पुन्यांदा गोड बोलाया लागलात व्हय? परकी हाय का मी?" त्यांनी काच आणखी सरकवली. "आज बुंदी पाडणार हाय घरी. लाडू कोण किती खातंय ते मोजाय माणूस न्हाय माझ्याकडं. रेखाला तर मोजताबी येत न्हाय."

काकी जागच्या जागी उभी राहिली. कंडक्टरनं घंटी दिली. मग तिनं आपली मोठी पिशवी माझ्या हातात कोंबली. "बाई, आमच्या ह्यांना सांगा, मी लेकीच्या घरी हाय. म्हशीकडं बघा म्हणावं, आन् तिच्यासंगं जरा बोला, नुसतं व्हय म्हणू नका." गाडी हलली होती. ठेंगणी बाई, पण दांडा धरून चढली कशी ते मला आजही कळत नाही.

गाडी वळण घेऊन स्टँडबाहेर पडेपर्यंत खिडकीत त्या दोघी मला दिसत होत्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. सुमनबाईंनी चार बोटं वर धरली होती, आणि काकीनं त्यांच्या तोंडासमोर पंजा उघडला होता.